भट्ट्या जत्रेला गेल्या

वैजयंता देवकर यांच्या पदराला खांद्याजवळ एक बटण टाचलेलं असे, आणि त्या बटणाला तोंड होतं. बोलायचं ते फक्त वैजयंताबाईंच्या कानात, पण सकाळी घराबाहेर पाऊल टाकल्यापासून त्याला म्हणून विसावा नव्हता. बटणाचं नाव साक्षी. वैजयंताबाईंचे यजमान सर्जेराव तिला सवत म्हणायचे.

आता विमा एजंटाच्या पदराला बोलकं बटण कशाला, असं कुणीही विचारील. तर त्याचं असं झालं. एजंटानं चुकीचा सल्ला दिला आणि ग्राहक गोत्यात आला, तर नुकसान भरायचं कुणी? डॉक्टरांना यासाठी विमा असतो, इंजिनियरांना असतो. मग सरकारनं ठरवलं की एजंटालाही हवा. लोकांनी त्याला नाव दिलं चूकभूल विमा. दुसऱ्यांचे विमे उतरवणाऱ्यांनी आधी आपल्या जिभेचा विमा उतरवायचा. तो देणारी कंपनी त्याबरोबर साक्षी द्यायची. गेल्या वीस वर्षांत एजंट आणि ग्राहक यांच्यात जेवढे तंटे झाले, त्यांचे सगळे जबाब तिला वाचायला दिलेले होते. कुठल्या वाक्यातून पुढं भांडण उगवतं हे ती त्यावरून शिकली होती. तसलं वाक्य ओठावर आलं की ती कानात टोकायची. टोकूनही बोललात तर तुमचं तुम्ही बघा, विमा संपला.

आणि साक्षीच्या यादीत सगळ्यात वरचं, सगळ्यात धोक्याचं वाक्य कुठलं असावं? "काळजी करू नका."

पारूकाकूंच्या ओसरीवर याचाच घोळ झाला होता. पारूकाकूंचा मुलगा हणमंत गुवाहाटीला. त्याच्या दुकानाचा विमा वैजयंताबाईंकडे. काकू दर भेटीला चहाचा कप पुढं करून एकच प्रश्न विचारायच्या.

"काळजी न्हाई न्हवं गं वैजा?"

पंचवीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं होतं. वैजयंताबाईंनी तोंड उघडलं आणि कानात आवाज आला, "सावध. हे वाक्य हमी ठरू शकते."

साक्षीनं सुचवलेलं वाक्य वैजयंताबाई जड जिभेनं म्हणाल्या, "काकू, काळजी करावी का न करावी, हा सर्वस्वी तुमचा निर्णय हाय."

पारूकाकू म्हणाल्या, "व्हय बाई," आणि चहा न पिताच कप आत घेऊन गेल्या.

असं दहा महिने चाललं होतं.

घोटखिंडी हे विट्याच्या अंगाचं, माळावरचं गाव. पाऊस बेताचा, जमीन हलकी. पण इथल्या माणसांच्या हातात एक विद्या आहे. जुनं सोनं वितळवायचं, त्यातलं हीण काढून टाकायचं, चोख सोनं गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचं. गलाई म्हणतात तिला. पिढ्यान्‌पिढ्या इथली माणसं मूस आणि सांडशी घेऊन देशभर गेली. मदुराई म्हणा, त्रिचूर म्हणा, गुवाहाटी म्हणा, जिथं सराफी पेठ आहे तिथं एखादा तरी घोटखिंडीकर भट्टीपुढं बसलेला दिसणारच. बायकोशी मराठीत भांडणार आणि गिऱ्हाइकाशी तमिळमध्ये गोड बोलणार.

अशा धंद्याला विमा द्यायला मोठ्या कंपन्या नाक मुरडायच्या. आग, तेजाबाचा धूर, वर सोनं. कोण अंगावर घेणार? तेव्हा या लोकांनी स्वतःचीच संस्था काढली, गलाई बांधव परस्पर विमा संस्था. परस्पर म्हणजे ज्यांनी विमा घेतला तेच तिचे मालक. एकाचं दुकान जळालं तर बाकीच्यांनी मिळून उभं करायचं. अध्यक्ष विष्णूअण्णा सपकाळ, मुक्काम कोईमतूर. आणि निम्म्याहून जास्त सभासद एकट्या वैजयंताबाईंनी जोडलेले.

विमा कंपनीची पत मोजणं ही गोष्ट काही नवी नाही. कंपनी म्हणजे शेवटी एक शब्द असतो, तुमचं काही वाईट झालं तर मी उभी राहीन. तो शब्द पाळायची तिच्यात ताकद आहे का, हे तिसऱ्याच कुणीतरी तपासायचं आणि अ, ब, क असा शेरा द्यायचा. पूर्वी हे वर्षातून एकदा व्हायचं. आता पुण्याच्या पतमापन केंद्रातलं यंत्र हे रोज पहाटे करत होतं. ते प्रत्येक कंपनीची लाखभर भविष्यं चालवून बघायचं. एका भविष्यात पूर यायचा, दुसऱ्यात पेठ जळायची, तिसऱ्यात सोन्याचा भाव कोसळायचा, चौथ्यात काहीच व्हायचं नाही. त्यातल्या किती भविष्यांत कंपनी तग धरते, त्यावर त्या दिवसाचा शेरा ठरायचा.

यंत्राला खुराक लागायचा तो माहितीचा. गलाई संस्थेची माहिती यायची ऊबमापांकडून. ऊबमाप म्हणजे चिंचोक्याएवढी टिकली. भट्टीला चिकटवली की भट्टी कुठं आहे, किती तापली, हे ती कळवत राहायची. भट्टी तापलेली म्हणजे धंदा चालू, धंदा चालू म्हणजे संस्था भक्कम. गेल्या दिवाळीनंतर वैजयंताबाईंनीच फोनवर फोन करून प्रत्येक दुकानात ही टिकली बसवून घेतली होती. संस्थेला 'अ' शेरा मिळाला तेव्हा सगळ्यांत जास्त पेढे त्यांनीच वाटले होते.

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी वैजयंताबाई पुरण वाटत बसल्या होत्या. चैत्रातली सिद्धनाथाची जत्रा. देशभरातले घोटखिंडीकर दुकानं बंद करून गावात आलेले. गल्लीत पाच राज्यांच्या नंबरांच्या गाड्या आणि ओसरीवर पाच भाषांतली पोरं. अशात कानात साक्षी बोलली.

"महत्त्वाची सूचना. गलाई बांधव परस्पर विमा संस्थेची पत आज 'अ' वरून 'क' झाली आहे. आपल्या चूकभूल विम्याच्या अटीनुसार 'ब' च्या खालील संस्थेत ठेवलेल्या ग्राहकांची जबाबदारी आपली व्यक्तिगत राहील. सोमवारी सायंकाळी पाचपर्यंत सर्व ग्राहक अन्यत्र हलवावेत. आपल्याकडे त्यांची मुखत्यारी आहे. 'हलवा' एवढे म्हणावे, पुढचे मी करेन."

वैजयंताबाईंचा हात पुरणातच राहिला.

"काय झालं?" सर्जेरावांनी विचारलं. ते दारात बसून सोललेल्या लसणाची टोपली भरत होते.

"आपली संस्था नापास झाली."

त्यांनी पुरणाचे हात धुतले न धुतले आणि पतमापन केंद्राला फोन लावला. फोन घेतला मैत्रेयी कर्णिक नावाच्या मुलीनं. तिच्याकडेच गलाई संस्थेचं काम होतं. आवाज तरुण, पण बोलणं शहाण्यासारखं.

"बरं झालं तुम्ही फोन केलात," ती म्हणाली. "मी सकाळपासून तुमच्या अध्यक्षांना शोधतेय. देवळात ढोल बडवतायत म्हणे. मॅडम, तुमच्या सगळ्या भट्ट्या आठवडाभरात थंड पडल्यात."

"पडणारच की! जत्रा हाय. पाडवा झाला की भट्टी निववायची, हळदकुंकू लावायचं, आत नारळ ठेवायचा. नाथबाबाचा गुलाल आणल्याशिवाय परत पेटवत न्हाईत."

"ते एक वेळ समजू शकले असते मी. पण मग त्या चालायला लागल्या."

"कोण?"

"भट्ट्या! देशभरातल्या जवळजवळ सगळ्या भट्ट्या आपापल्या जागेवरून निघाल्या आणि तुमच्या गावात आल्या. या क्षणी सगळ्या एका दगडी चौथऱ्यावर आहेत. यंत्राला वाटलं, धंदा गुंडाळून सगळा माल भंगारात काढलाय. मॅडम, नक्की चाललंय तरी काय तिथं?"

वैजयंताबाईंच्या डोळ्यांपुढं सकाळचं देऊळ आलं आणि त्यांना असं हसू फुटलं की सर्जेराव लसूण टाकून उठले. गावची रीतच होती ती. जत्रेला येताना दुकानातलं एक हत्यार आणायचं आणि देवाच्या पायाला लावून न्यायचं. आजवर लोक सांडशी आणायचे. पिशवीत जड व्हायची, विमानतळावर पोलीस हटकायचे. यंदा प्रत्येकानं आपापल्या डोक्यानं विचार केला, की भट्टीची ही टिकली किती छान, खिशात मावते! सगळ्यांनी भट्टीवरून ऊबमाप उचकटून आणले होते. देवापुढच्या चौथऱ्यावर गुलालात माखलेला टिकल्यांचा ढीग त्यांनी स्वतः बघितला होता, आणि पोरं किती भाविक आहेत म्हणून हातही जोडले होते.

मैत्रेयीला हे कळलं तेव्हा तीसुद्धा पोट धरून हसली. मग एकदम गंभीर झाली.

"भट्ट्यांचं मी आत्ता दुरुस्त करते. पण मॅडम, उशीर झालाय. शेरा उतरला की प्रत्येक एजंटाला तुमच्यासारखीच सूचना जाते. केरळातल्या आणि बंगालमधल्या एजंटांनी ती मिळताच गिऱ्हाइकं हलवायला सुरुवात केली. गिऱ्हाइकं गेली तर संस्थेची ताकद खरंच कमी होते. सुरुवात भट्ट्यांनी झाली, पण आता पत उतरलीय हीच बातमी पत उतरायचं कारण झालीय. यंत्राच्या बहुतेक भविष्यांत आता एकच गोष्ट होते. तुम्ही सगळ्यांना हलवता, आणि संस्था संपते."

"आणि न्हाई हलवलं तर?"

"ते यंत्राला माहीत नाही. वाईट बातमी ऐकल्यावर माणसं किती घाबरतात, हा आकडा आम्ही दुसऱ्या कंपन्यांकडून उसना घेतलाय. तुमच्या माणसांचा आकडा आमच्याकडे नाही. त्यातून सगळी एकाच गावात जमलीत. यंत्राच्या मते ही सर्वांत वाईट गोष्ट. भीती कानोकानी पसरते."

फोन ठेवला तेव्हा पुरण पार गार झालं होतं.

"हलवा म्हण आणि मोकळी हो," सर्जेराव म्हणाले. "एकच तर शब्द."

"अहो, पण संस्था चांगली हाय. काही झालेलं न्हाई तिला."

"मग ती बुडणार न्हाई."

"मी हलवलं तर बुडंल! या लोकांना परत विमा देणार कोण? एखाद्याचं दुकान जळालं तर रस्त्यावर येतील."

"आणि न हलवता बुडाली, तर रस्त्यावर कोण येणार? आपण! आटपाडीकडच्या त्या एजंटाचं घर गेलं, विसरलीस? चूकभूल विमा नव्हता म्हणून. वैजे, हे घर तुझ्या एकटीच्या सह्यांवर उभं न्हाई. माझी तीस वर्षं एसटीचं स्टेअरिंग फिरवण्यात गेली हायत."

ते खरंच होतं. पायरीची फरशी, गच्चीवरची टोमॅटोची कुंडी, न्हाणीघरातला तो वेडावाकडा नळ, सगळं दोघांनी मिळून केलेलं. वैजयंताबाईंना रडू आलं. त्यांनी ते पुरणपोळ्या लाटण्यात जिरवलं. त्या पोळ्या जरा जाडच झाल्या.

दुसऱ्या दिवशी पालखी झाली, सासनकाठ्या नाचल्या, "नाथबाबाच्या नावानं चांगभलं!" म्हणत गाव गुलालात न्हालं. नवरा-बायको एकमेकांशी कामापुरतं बोलली. साक्षी मधून मधून आठवण करून देत होती. वैजयंताबाई दोनदा 'ह' पर्यंत आल्या आणि थांबल्या.

सोमवारी दुपारी कुस्त्यांचं मैदान भरलं. फडाच्या भोवती सगळा गाव बसलेला. हलगी कडाडत होती. वैजयंताबाई बायकांच्या बाजूला पारूकाकूंच्या मागं बसल्या होत्या, पण त्यांचं लक्ष कुस्तीत नव्हतं. एवढ्यात सर्जेराव माणसांतून वाट काढत आले आणि शेजारी उकिडवे बसले.

"मी एकदा दिवशीच्या घाटात एसटी उतरवत होतो," ते फडाकडं बघत म्हणाले. "ब्रेक लागंना. मला उडी मारता आली असती. दार माझ्याच बाजूला होतं."

"मला कधी सांगितलं न्हाई."

"तू घाबरली असतीस. न्हाई मारली उडी. गाडी डोंगराच्या अंगाला घासत घासत थांबवली. मागं माणसं होती, काय करणार?" त्यांनी नाक ओढलं. "निवेदकाला सांगितलंय. ही कुस्ती सुटली की माईक तुला. जा, काय सांगायचं ते सांग. घराचं मग बघू."

वैजयंताबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. चारचौघांत नवऱ्याचा हात धरायची गावात पद्धत नाही, म्हणून नुसती मान हलवून त्या उठल्या.

फडाच्या तांबड्या मातीत त्या उभ्या राहिल्या तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी ओरडलं, "वैजाताई, जोड कोण हाय?" मैदान हसलं. वैजयंताबाईंनी बटण पदरावरून काढून माईकला लावलं. "साक्षी, आता मोठ्यानं बोल. तुला जे टोकायचंय ते सगळ्यांपुढं टोक."

"जशी इच्छा," कर्ण्यातून आवाज घुमला. हलगीवाला दचकला.

मग त्यांनी सगळं सांगितलं. पत उतरली, कशी उतरली. टिकल्यांची गोष्ट आली तसा हशा उसळला. जो तो शेजाऱ्याच्या पाठीत थापट्या मारून म्हणू लागला, "तू पण? अरे मी पण!" पण पुढं हसू थांबलं.

"दुसऱ्या गावच्या एजंटांनी माणसं हलवली. मला पाचपर्यंतची मुदत हाय. माझ्या मते संस्था भक्कम हाय."

"हे आपले व्यक्तिगत मत असल्याचे स्पष्ट करावे," साक्षी म्हणाली.

"हे माझं व्यक्तिगत मत हाय," वैजयंताबाई म्हणाल्या. "पण तुमचा पैसा तुमचा. ज्याला जायचं असंल त्यानं माझ्या डाव्या हाताला येऊन उभं राहावं. आत्ता, इथंच हलवते. माझा कुणावर राग न्हाई."

मग एक माणूस उठला, माती तुडवत आला आणि मान खाली घालून डाव्या बाजूला उभा राहिला. पारूकाकूंचा हणमंत. त्याच्या मागं आणखी चौघं उठले. मग आठ-दहा. माणसं एकमेकांकडं बघू लागली, फोन बाहेर निघाले. यंत्र म्हणालं होतं तसंच चाललं होतं.

पण वैजयंताबाईंनी माईक सोडला नाही. "ज्यानं भट्टी कायमची बंद केलीय, त्यानं हात वर करावा," त्या म्हणाल्या.

एकही हात वर झाला नाही. सगळ्यांनी माना वळवून वळवून बघितलं.

"जत्रा झाल्यावर जो परत जाऊन दुकान उघडणार न्हाई, त्यानं हात वर करावा."

एका कोपऱ्यातून एक थरथरता हात वर आला. मदुराईचे म्हातारे बाबूदादा. "मी न्हाई उघडणार. गुडघं गेलं. पण पोरगं उघडणार हाय!"

हशा झाला. फोन धरलेले हात जरा खाली आले. प्रत्येकाला आपली भट्टी चालू आहे हे माहीत होतंच. इतर सगळ्यांचीही चालू आहे, हे आता प्रत्येकानं डोळ्यांनी बघितलं. आणि बाकीच्यांनीही ते बघितलंय, हेसुद्धा कळलं. भीती कानोकानी पसरते हे यंत्राचं खरंच होतं, पण ती पसरायला माणसं एकमेकांना न दिसणारी लागतात.

तरी हणमंत जागचा हलला नाही. वैजयंताबाईंनी त्याला विचारलं, "हणमंता, तुला अजून शंका हाय?"

हणमंत चाचरत म्हणाला, "ताई, मला त्या पतीबितीचं कळत न्हाई. पण आई म्हंती, दहा महिनं झालं, वैजा 'काळजी करू नका' म्हणत न्हाई. पंचवीस वर्षं म्हणायची. आता तोंड फिरवती आणि कायतरी पुस्तकातलं बोलती. म्हणजे आत कायतरी काळं हाय. आईला रात रात झोप न्हाई."

वैजयंताबाईंना कुणीतरी कानशिलात मारल्यासारखं झालं. त्यांनी बायकांच्या बाजूला बघितलं. पारूकाकू पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. इतके दिवस आपण जीभ सांभाळली, आणि त्या सांभाळण्यानंच म्हातारी घाबरली.

"काकू," त्या म्हणाल्या.

"सावध," साक्षी कर्ण्यातून म्हणाली. सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. "पुढचे वाक्य हमी ठरेल. ते उच्चारल्यास आपला चूकभूल विमा तत्काळ संपेल. नुकसान झाल्यास आपले घर व मालमत्ता जबाबदार राहील."

वैजयंताबाईंनी सर्जेरावांना शोधलं. ते फडाच्या कडेला उभे होते. त्यांनी एकदा डोळे मिटले, उघडले आणि फेट्याचा शेमला खांद्यावर टाकला.

"पारूकाकू," वैजयंताबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "काळजी करू नका."

"आपला विमा संपला आहे," साक्षी म्हणाली. आणि जरा थांबून, "नमस्कार."

मग हणमंत कमरेत वाकला, इकडं तिकडं बघितलं आणि परत आपल्या जागेकडं चालू लागला.

"काय रे, कुठं निघालास?" कुणीतरी विचारलं.

"कुठं न्हाई! चप्पल शोधाय आलतो."

मैदान असं हसलं की बांधलेल्या म्हशी दावं ओढायला लागल्या. डाव्या बाजूच्या बाकीच्यांच्याही चपला एकदम सापडल्या. डावी बाजू मोकळी झाली.

तेवढ्यात विष्णूअण्णा सपकाळ फडात उतरले. पांढरं कोईमतुरी धोतर गुलालानं गुलाबी झालेलं. त्यांनी माईक घेतला. "मंडळी, आपल्या सगळ्यांचा विमा हिनं उतरवला. आणि आता सगळ्या मैदानात बिनविम्याची एकटी हीच हाय. हे शोभतं का आपल्याला?"

"न्हाई!"

"तर मी अध्यक्ष म्हणून म्हणतो, हिच्या चूकभुलीचा विमा आपली संस्था देईल. कबूल असंल त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. बाबूदादांनी दोन्ही केले.

"संस्थेने स्वतःच्या एजंटाला चूकभूल विमा देणे," साक्षी माईकवरून म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं. "नियम तपासत आहे. सभासदांच्या बहुमताने... चालते."

"सवत आपल्याकडनं झाली!" सर्जेराव ओरडले.

"पण अण्णा," वैजयंताबाई म्हणाल्या, "हप्ता काय?"

विष्णूअण्णांनी विचार केला. "हप्ता एवढाच. दर जत्रेला इथं, या मातीत उभं राहायचं आणि सगळ्यांपुढं 'काळजी करू नका' म्हणायचं. आणि ज्या वर्षी तसं नसंल, त्या वर्षी म्हणायचं न्हाई. आम्ही ओळखू. मग सगळे मिळून काय करायचं ते करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रेयीचा फोन आला. कालच्या मैदानाचं साक्षीचं सगळं ध्वनिमुद्रण तिनं संस्थेच्या परवानगीनं यंत्राला ऐकवलं होतं. वाईट बातमी ऐकून किती माणसं पळतात, तो आकडा आता उसना राहिला नव्हता. संस्था परत 'अ' झाली होती. केरळ-बंगालची माणसं परतू लागली होती.

"मॅडम," मैत्रेयी हसत म्हणाली, "यंत्राला मी जत्रा शिकवलीय. पण एक पंचाईत झालीय. आता ते प्रत्येक कंपनीला विचारतं, तुमची जत्रा केव्हा असते? मोठमोठ्या कंपन्यांचे फोन येतायत. त्यांना आपल्या ग्राहकांची तोंडंसुद्धा माहीत नाहीत."

पुढच्या चैत्रात मैत्रेयी स्वतः घोटखिंडीला आली. देवापुढं यंदा परत सांडशा होत्या, टिकल्या भट्टीलाच ठेवायचा संस्थेनं ठराव केला होता. सर्जेरावांनी तिला गच्चीवरचे टोमॅटो दाखवले आणि घासाघासाला आग्रह करून पोळ्या वाढल्या. या वेळी पोळ्या पातळ होत्या.

दुपारी कुस्त्या थांबल्या. वैजयंताबाई मातीत उतरल्या. मैत्रेयीच्या हातातल्या फोनवर त्या पहाटेची लाखभर भविष्यं होती, पण तिनं तो पर्समध्ये टाकला आणि सगळ्यांसारखी मान उंच करून बघू लागली. गेलं वर्ष सोपं नव्हतं. त्रिचूरचं एक दुकान पुरात गेलं होतं, मदुराईला एक आग लागली होती. दोन्ही ठिकाणी संस्थेनं शब्द पाळला होता, पण आता तिची गंगाजळी कितपत उरली, हे मैदानातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं. वैजयंताबाईंना ठाऊक होतं. गेले पंधरा दिवस त्या अण्णांबरोबर बसून तेच तपासत होत्या.

हलगी थांबली. वैजयंताबाईंनी माईक तोंडाशी धरला आणि मैदानावरून सावकाश नजर फिरवली. बाबूदादांकडं, हणमंतकडं, फेटा सारखा करणाऱ्या सर्जेरावांकडं. पदरावरची, आता संस्थेनं ठेवून घेतलेली साक्षी एक अक्षर बोलली नाही.

"बोल की गं बया!" पारूकाकू पुढच्या रांगेतून ओरडल्या. "जीव टांगणीला लावलास!"

वैजयंताबाई हसल्या, आणि मग ते तीन शब्द म्हणाल्या.